तिरंगी लढतीतला अध्यक्ष: गावच्या मंडळात पसंतीक्रमाचं मतदान कसं घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दारव्हा तालुक्यातल्या तुमच्या गावचं नोंदणीकृत मंडळ वाचनालय आणि व्यायामशाळा चालवतं. अध्यक्षपदाला तिघं उभे होते. १८७ जणांनी मतदान केलं, ५ मतपत्रिका अवैध ठरल्या. उरलेल्या १८२ मध्ये कपबशीला ७१, शिटीला ६२ आणि पतंगाला ४९. कपबशी निवडून आली आणि त्याच रात्री पारावर सुरू झालं, "१११ लोकायले जो नको होता, थोच अध्यक्ष कसा?" शिटी आणि पतंग एकाच वेटाळातले (वस्तीतले), त्यामुळे मतं फुटली असं तुमचं म्हणणं. वर सात जणांच्या कार्यकारिणीत सातही जागा कपबशीच्या पॅनलला. तेव्हा विधान परिषदेसारखं १, २, ३ लिहून मतदान घेता येईल का, आणि तेच पुढे सोसायटीला नि सरपंचपदालाही लावता येईल का?

यात दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र झाल्या आहेत. एका पदासाठी मतं फुटणं ही एक, आणि निम्म्याहून थोड्या जास्त लोकांच्या पॅनलनं सगळ्या जागा नेणं ही दुसरी. पसंतीक्रम पहिलीवर चांगला चालतो. दुसरीवर तोच तसाच लावला तर काहीच सुटत नाही. म्हणून दोन्हींचं वेगवेगळं लिहितो.

आणि पारावरच्या त्या वाक्याबद्दल. १११ जणांना कपबशी नको होती, हे तुमच्या मतपेटीनं सांगितलेलंच नाही. त्यांची पहिली निवड दुसरी कुणीतरी होती, एवढंच तिनं सांगितलं. पतंगाच्या ४९ जणांतल्या निम्म्या लोकांना कपबशी चालली असती, तर कपबशीच खरी विजेती. फुलीच्या मतदानात हे कळायला मार्ग नसतो. पसंतीक्रम मतदाराला विचारतो तो हाच प्रश्न: तुमचा माणूस शर्यतीतून गेला तर मग कोण?

आधी कायद्याचं उरकून घेऊ. सरपंचाची निवडणूक राज्याच्या कायद्यानं होते, राज्य निवडणूक आयोग ती घेतो. ग्रामसभेनं एकमतानं ठराव केला तरी मतदानाची पद्धत बदलत नाही. २०१७ मध्ये थेट सरपंच आला, २०२० मध्ये पुन्हा सदस्यांतून निवड सुरू झाली, २०२२ मध्ये परत थेट. दर वेळी कायदाच बदलावा लागला. सोसायटीचंही तेच. विविध कार्यकारी संस्थेची निवडणूक राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण ठरलेल्या नियमांनी घेतं, संचालक मंडळाच्या हातात काही नाही. तुमच्या मंडळाचं मात्र वेगळं आहे. तिथे तुमची घटना चालते. घटनेत निवडणुकीचं कलम काय म्हणतं आणि दुरुस्तीला किती बहुमत लागतं ते पाहा, त्याप्रमाणे आमसभेत दुरुस्ती मंजूर करा, आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात काय दाखल करावं लागेल ते तुमचा चेंज रिपोर्ट (मंडळातल्या बदलांची नोंद) करणाऱ्या वकिलाला आधीच विचारा. घटनेत "बहुमताने" एवढंच लिहिलं असेल तर दुरुस्तीशिवाय नवी पद्धत वापरू नका. हरलेला उमेदवार पहिला आक्षेप तिथेच घेईल.

आता मोजणी. तुमचेच आकडे घेतो.

एका जागेसाठी कोटा म्हणजे वैध मतांच्या निम्मे अधिक एक. १८२ भागिले २ म्हणजे ९१, अधिक १ म्हणजे ९२. भागाकारात अर्धा उरला तर तो सोडून द्यायचा. पहिल्या पसंतीनुसार तीन गठ्ठे केले: ७१, ६२, ४९. कुणीही ९२ ला पोचलं नाही, म्हणून सर्वांत कमी असलेला पतंग बाद. त्याच्या ४९ मतपत्रिका पुन्हा उघडायच्या आणि २ कुणापुढे लिहिलंय ते पाहायचं. समजा ३१ वर शिटी, ९ वर कपबशी, आणि ९ जणांनी फक्त १ लिहून सोडून दिलं. शिटी ६२ अधिक ३१, म्हणजे ९३. कपबशी ८०. शिटीनं कोटा गाठला, निकाल लागला. पुढे कधी चार-पाच उमेदवार असले तर हेच पुन्हा करायचं. फक्त एखाद्या पत्रिकेवरची पुढची पसंती आधीच बाद झालेल्याची निघाली, तर ती ओलांडून त्याच्या पुढची घ्यायची.

हे काही परदेशातून आणलेलं नाही. राष्ट्रपतींची निवडणूक याच पद्धतीनं होते, फक्त तिथे प्रत्येक खासदार-आमदाराच्या मताला ठरलेलं मूल्य असतं. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी यांना पहिल्या पसंतीत ४,०१,५१५ मतमूल्य मिळालं, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि आपल्या सी. डी. देशमुखांना १,१२,७६९. कोटा होता ४,१८,१६९. पुढच्या पसंती मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर राहिले. तुमच्याकडच्या गुरुजींना आणि पदवीधरांना तर ही पद्धत ठाऊकच आहे. अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघाची मोजणी २ फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली ती दुसऱ्या दिवशीपर्यंत चालली, कारण उमेदवार वीसच्या वर आणि प्रत्येकाला बाद करताना त्याचा गठ्ठा नव्यानं वाटायचा. तुमच्या तिघा उमेदवारांना आणि दोनशे मतपत्रिकांना दीड-दोन तास पुरतात.

भांडण कुठे होतं ते नीट समजून घ्या, कारण ते बेरजेत होत नाही. वरच्याच उदाहरणात पतंगाच्या ४९ पैकी २५ शिटीला, ९ कपबशीला आणि १५ कुणालाच नाही, असं झालं तर शिटी ८७ आणि कपबशी ८०. कोटा ९२ आहे, तो कुणीच गाठलेला नाही. आता? विधान परिषदेच्या नियमात याचं उत्तर आहे: कमी असलेल्याला बाद करत जायचं आणि एकच उमेदवार उरला की कोट्याशिवायही तो निवडून आला. तुमच्या नियमात हे वाक्य नसेल तर कपबशीवाले म्हणतील, "कोटा झाला नाही, निवडणूक रद्द." आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक ठरणार नाही. यातून आणखी एक कळतं. "पसंतीक्रमात विजेत्याला नेहमी निम्म्याहून जास्त पाठिंबा असतो" हे सगळीकडे सांगितलं जातं, पण ते शेवटपर्यंत शर्यतीत राहिलेल्या मतपत्रिकांपुरतंच खरं आहे. संपलेल्या पत्रिका, म्हणजे ज्यांवर पुढची पसंतीच उरली नाही त्या, बाजूला पडतात. त्या जितक्या जास्त, तितकं हे बहुमत पोकळ.

संपलेल्या पत्रिका वाढतात त्या प्रचारामुळे. शिक्षक-पदवीधर निवडणुकीतही कार्यकर्ते कानात सांगतात, "फक्त एक लिहा, दुसरं कुणाले देऊ नका." त्यामागची भीती अशी की दुसरी पसंती आपल्याच माणसाला मारेल. एका जागेच्या या पद्धतीत ते घडूच शकत नाही. तुमचा पहिला उमेदवार शर्यतीत आहे तोवर तुमच्या पत्रिकेवरचा २ कुणी पाहतसुद्धा नाही. तो बाद झाल्यावरच पाहतात, आणि तेव्हा त्याचं काही बिघडायचं राहिलेलं नसतं. मतदानाआधी बोर्डावर एवढं एक लिहिलं तरी पुष्कळ फरक पडतो.

मतपत्रिका कशी छापावी हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. डावीकडे नाव, मधे चिन्ह, उजवीकडे एक रिकामा चौकोन, किमान दोन सेंटिमीटरचा. चौकोन लहान ठेवला की आकडा रेषेवर चढतो आणि वरच्या नावाचा की खालच्याचा यावर अर्धा तास जातो. वर ठळक सूचना: "सर्वांत पसंत उमेदवारासमोर १ लिहा, त्यानंतरच्यासमोर २, मग ३. बरोबरची खूण, फुली, अंगठा, सही करू नका." पेन सगळ्यांना एकाच रंगाचा, तुम्ही दिलेला. विधान परिषदेला जांभळ्या स्केचपेननं लिहायला लावतात, कारण घरून आणलेल्या वेगळ्या शाईनं मत कुणाचं ते ओळखता येतं आणि विकत घेतलेलं मत तपासता येतं. तुमच्याकडे मतं विकली जात नसतीलही, पण एक घर दुसऱ्या घराच्या दबावाखाली असतंच.

आकड्यांचीच एक गोष्ट मोजणीच्या टेबलावर हटकून येते. मराठी १ ची शेपटी घाईत जरा वळली की तो इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि इंग्रजी एकच्या डोक्याला लांब काना दिला की तो साताकडे झुकतो. तीन उमेदवारांत नऊ किंवा सात असूच शकत नाही, त्यामुळे तो एकच धरायचा. पण नियमात आधीच लिहा: "मराठी किंवा इंग्रजी कोणताही आकडा चालेल, उमेदवारांच्या संख्येपेक्षा मोठा वाटणारा आकडा संदर्भाने वाचला जाईल." कार्यकारिणीला बारा-चौदा नावं असतील तर हा मोकळेपणा परवडत नाही. तिथे एकाच लिपीतले आकडे सांगा आणि मतदान कक्षात नमुना लावून ठेवा.

अवैध काय ते आधी ठरवा. १ कुठेच नाही, १ दोघांसमोर आहे, १ आणि दुसरा आकडा एकाच चौकोनात आहे, किंवा मतदार ओळखू येईल अशी खूण आहे: पत्रिका अवैध. १ नीट आहे पण २ दोघांसमोर आहे: पत्रिका वैध, पहिली पसंती मोजायची, तो उमेदवार बाद झाला की पत्रिका संपली. १ नंतर थेट ३ लिहिलाय, तरी तसंच. "२ राहिला असेल, ३ लाच २ धरा" असं टेबलावर कुणी सुचवलं तर ऐकू नका. एकदा अंदाज बांधायला लागलात की प्रत्येक पत्रिकेवर बांधावा लागतो. राहिली एकाच चौकोनात बरोबरची खूण केलेली पत्रिका. विधान परिषदेत ती अवैध. तुमच्या मंडळात मी ती १ धरायला सांगेन, कारण पहिल्या वर्षी म्हातारे सदस्य सवयीनं खूणच करतात. पण हे नियमात मतदानाआधी आलं पाहिजे. पेटी उघडल्यावर केलेली सवलत कुणाच्या तरी बाजूची ठरते.

ज्यांना आकडे लिहिता येत नाहीत त्यांचा प्रश्न जुना आहे. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत सी. पी. अँड बेरारचे (मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे) काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याची, दुरुस्ती सुचवली होती. त्याला उत्तर देताना डॉ. आंबेडकरांनी मांडलेल्या आक्षेपांत हा एक होता: अशा पद्धतीत मतदाराला निदान आकडे ओळखून मतपत्रिकेवर लिहिता यायला हवेत, आणि तेव्हाच्या देशात ते शक्य नव्हतं. आज परिस्थिती बदलली असली तरी मंडळाच्या यादीत अंगठा उठवणारे आठ-दहा जण असतीलच. त्यांच्यासाठी जाळीची पत्रिका छापा. आडव्या ओळींत उमेदवार आणि चिन्ह, उभे तीन रकाने: पहिली पसंती, दुसरी, तिसरी. रकान्यांच्या डोक्यावर एक, दोन, तीन ठळक टिंबं काढा. मतदार प्रत्येक रकान्यात एक शिक्का मारतो, लिहायचं काही नाही. ही पत्रिका सगळ्यांनाच द्या. फक्त अंगठेवाल्यांना वेगळी दिली तर त्यांचं मत लगेच ओळखू येतं.

मोजणीच्या टेबलावर क्रम असा. पेटी उघडल्यावर आधी नुसत्या पत्रिका मोजा आणि सह्यांच्या यादीशी जुळवा. मग अवैध वेगळ्या काढा, उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवा, कारण लिहिलेली चिठ्ठी टाचणीनं लावा. पत्रिकेवर काहीही लिहू नका. मग १ नुसार गठ्ठे, पंचवीस-पंचवीसच्या गड्ड्या करून रबर लावा. पतंग बाद झाल्यावर त्याच्या गठ्ठ्यातून शिटीकडे गेलेल्या ३१ पत्रिका शिटीच्या मूळ ६२ मध्ये मिसळायच्या नाहीत. त्या वेगळ्या रबरात, वर "पतंगाकडून, फेरी २" अशी चिठ्ठी. मिसळल्या आणि कुणी फेरमोजणी मागितली, की सगळं पहिल्यापासून. भिंतीवर मोठ्या कागदाचा तक्ता लावा आणि प्रत्येक फेरीखाली उमेदवारांची मतं अधिक संपलेल्या पत्रिका यांची बेरीज लिहा. ती दर फेरीत १८२ च आली पाहिजे. एकानं जरी चुकली तर पुढची फेरी सुरू करू नका.

तळाला दोघांची मतं सारखी झाली तर ज्याची पहिल्या पसंतीची मतं कमी तो बाद. तीही सारखी असतील तर चिठ्ठी. चिठ्ठी एखाद्या लहान पोराकडून, सगळ्यांसमोर.

आता या पद्धतीचं वैगुण्य, कारण ते लपवून ठराव मंजूर केला तर पुढच्या निवडणुकीत तुमच्यावरच उलटेल. समजा पतंग हा दोन्ही वेटाळांना चालणारा माणूस आहे. शिटीच्या सगळ्या ६२ जणांनी दुसरी पसंती पतंगाला दिली, कपबशीच्या ७१ जणांनीही त्यालाच. समोरासमोर लढत लावली तर पतंग कपबशीला १११ विरुद्ध ७१ नं हरवतो, शिटीला १२० विरुद्ध ६२ नं हरवतो. तरीही पहिली पसंती ४९ च असल्यामुळे पहिल्याच फेरीत बाद होतो, आणि ज्याला तो हरवू शकला असता त्यांच्यापैकी एक अध्यक्ष होतो. हे नुसतं कागदावरचं नाही. अमेरिकेतल्या अलास्कात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत निक बेगिच तिसरे राहून बाद झाले आणि मेरी पेल्टोला जिंकल्या; मतपत्रिका जोडीजोडीनं मोजल्या तर बेगिच पेल्टोला आणि सारा पेलिन दोघींनाही हरवत होते. बाद करत जाणारी मोजणी कट्टर पाठीराख्यांना मानते, सर्वांना चालणाऱ्याला कमी मानते. गावात दुफळी असेल आणि मधला माणूस निवडून यावा अशी इच्छा असेल, तर जोडीजोडीची मोजणी नियमात लिहा. तिघांत तीनच जोड्या होतात, दोनशे पत्रिकांत ते सहज जमतं. तिथेही कधी कपबशी शिटीला, शिटी पतंगाला आणि पतंग कपबशीला हरवतो असा तिढा बसू शकतो. तसं झालं तर बाद करण्याची पद्धत लावायची, हेही त्याच कलमात हवं. गावातली दोन्ही टोकं खरोखर मोठी असतील आणि मधला नावापुरता असेल तर साधी पद्धत पुरे. हे तुमच्या गावावर आहे, बाहेरून सांगता येणार नाही.

कार्यकारिणीचं मात्र पूर्ण वेगळं. सात जागा, प्रत्येकाला सात मतं. समजा कपबशीच्या पॅनलमागे १०० जण, समोर ८२. कपबशीच्या सातही जणांना १०० मतं, समोरच्या सातांना ८२. सातही जागा १०० वाल्यांच्या. यात मतं फुटलेली नाहीत, पद्धतच तशी आहे. राज्यसभेत किंवा आमदारांमधून विधान परिषदेवर अनेक जागा भरतात ती पद्धत इथे चालेल: एकाच मताचं मूल्य १०० धरायचं, कोटा म्हणजे १८२ मतांचे १८,२०० भागिले ८ (जागांपेक्षा एक जास्त), अधिक १, म्हणजे २,२७६. एखाद्याला ३१ पत्रिका मिळाल्या तर ३,१०० वजा २,२७६, उरले ८२४. सगळ्या ३१ वर पुढची पसंती असेल तर प्रत्येक पत्रिका २६ मूल्यानं पुढच्याकडे जाते. न्याय्य आहे, पण हे करणारा माणूस गावात हवा, आणि त्यानं केलेलं पारावरच्या माणसाला पटायला हवं. तुमच्याकडे ते पहिल्याच वर्षी जमेल असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा मर्यादित मतं द्या. जागा सात, पण प्रत्येकाला चारच मतं, पसंतीक्रम नाही, नुसत्या खुणा, एका उमेदवाराला एकच. मोठ्या पॅनलच्या चौघांना १००, लहानच्या चौघांना ८२, जागा ४ आणि ३. मोठ्या पॅनलनं हाव करून पाच उभे केले तर ४०० मतं पाचांत वाटली जाऊन प्रत्येकी ८०, आणि ८२ वाले चौघेही निवडून येतात. तेव्हा हाव करणाऱ्याचं बहुमतच जातं. मोजणी नेहमीसारखी, समजावून सांगायला पाच मिनिटं.

पसंतीक्रमाला आणखी एक सोपा पर्याय आहे: पहिल्या फेरीत कुणालाही निम्मी मतं नाहीत तर वरच्या दोघांत पुन्हा मतदान. सगळे सदस्य आमसभेला हजर असतील आणि निकालापर्यंत थांबणार असतील तर हेच उत्तम, कुणाला आकडे लिहायला नकोत. दुसरी फेरी पुढच्या रविवारी ठेवली तर मात्र ती फसते. पुण्याहून आलेली पोरं परत गेलेली असतात, आणि सोयाबीन काढणी किंवा कापूस वेचणीचे दिवस असतील तर गावातलेही येत नाहीत. पसंतीक्रमाचा खरा फायदा हाच, की दुसरी फेरी त्याच कागदावर आधीच उरकलेली असते.

ठराव आमसभेत मांडताना निदान या गोष्टी लेखी असू द्या: कोटा कसा काढायचा, कोटा कुणीच न गाठल्यास काय, सारख्या मतांत काय, अवैध कशाला म्हणायचं, आणि मोजणी अधिकारी कोण. हा शेवटचा माणूस गावाबाहेरचा, शेजारच्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक वगैरे असले तर बरं. आमसभेतच तीस-चाळीस कोऱ्या पत्रिकांवर लटकी निवडणूक घ्या, शेंगदाणे, गूळ आणि फुटाणे यांच्यात म्हणा, आणि सगळ्यांसमोर मोजून दाखवा. खऱ्या निवडणुकीनंतर पत्रिका लाखेची मोहर लावून पाकिटात ठेवा आणि आक्षेपाची मुदत संपेपर्यंत नष्ट करू नका. ती मुदतही ठरावातच लिहा. तीस दिवस पुरेत.